आहे तेच घर पुन्हा आवडायला लागण्यासाठी सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीत ३२ वर्षं जुन्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ३८० चौरस फुटांचं वन बीएचके आहे. हॉल पश्चिमेला, किचन पूर्वेला, हॉलला लागून छोटी गॅलरी, सगळीकडे जुनी मोझॅक फरशी. मोठं घर घ्यायचा विचार सात वर्षं चालला, शेवटी कर्जाचा हिशोब बसत नाही म्हणून सोडून दिला. पण आता घरात पाऊल टाकलं की उणिवाच दिसतात. सगळं तोडून नवं इंटिरिअर न करता हे घर आवडायला लागेल का?

लागेल. तुमच्या प्रश्नातच त्याचं अर्धं उत्तर आहे. "आता काय, घर बदलायचंच आहे" असं म्हणत सात वर्षं काढली की त्या घरातली एकही बारीक दुरुस्ती होत नाही. कडी नीट लागत नाही, नळ ठिबकतो, खिडकी सरकवायला दोन हात लागतात. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक असते, पण दिवसातून दहा वेळा हाताला लागते. मग मन म्हणतं, घर लहान आहे. घराचं क्षेत्रफळ तुमच्या हातात नाही, पण हाताला लागणारं जवळजवळ सगळं आहे. म्हणून आधी दुरुस्ती, मग उजेड आणि हवा, मग मांडणी, आणि खरेदी सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की नवा सोफा येतो आणि कडी तशीच राहते.

त्याआधी एक तपासणी. स्लॅबचा गिलावा पडून गंजलेल्या सळ्या दिसत आहेत का? बीम किंवा कॉलमच्या लांबीला समांतर भेगा आहेत का? छताला काठीने हलकेच ठोकल्यावर कुठे पोकळ आवाज येतो का? आतली सळी गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. लांबीला समांतर भेगा बहुधा त्यामुळेच पडतात. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी व्हायला हवं. सेक्रेटरींकडे शेवटचा अहवाल मागा आणि वाचा. अशा छताखाली पीओपीचं फॉल्स सीलिंग लावून ते झाकणं हा आपल्याकडचा सगळ्यात धोकादायक "मेकओव्हर" आहे. इमारत धोक्यात असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही. तो प्रश्न इंजिनिअरचा आहे. इमारत ठीक असेल तर पुढे जाऊ.

आठवडाभर दोन याद्या

किचनच्या दारावर एक कोरा कागद चिकटवा आणि शेजारी पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवा. सात दिवस घरातल्या प्रत्येकाने, ज्या क्षणी काही खटकेल त्या क्षणी तिथे लिहायचं. नियम एकच: काय होतं ते लिहायचं, उपाय लिहायचा नाही. "बाथरूम नवं करायला हवं" ही नोंद चालणार नाही. "बाथरूमची कडी लावताना दार उचलावं लागतं" ही चालेल. पहिल्या नोंदीचा खर्च लाखात जातो, दुसरीचा काडेपेटीच्या चार काड्यांत भागतो, आणि खटकत असते ती दुसरीच. तीच गोष्ट पुन्हा खटकली की त्यापुढे एक रेघ ओढायची. आठवड्याने ज्याच्यापुढे सर्वांत जास्त रेघा, ते काम पहिलं. खर्चाप्रमाणे क्रम लावू नका.

दुसरी यादी त्याच कागदाच्या मागे, आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची. घरात कोण कुठे आपसूक जाऊन बसतं, ते लिहा. आजी किचनच्या खिडकीपाशी स्टुलावर बसून भाजी निवडतात. मुलगी फोन घेऊन गॅलरीच्या उंबऱ्यावर टेकते. कोणी दिवाणाच्या एकाच टोकाला बसतं, कारण तिथे पंख्याचा वारा लागतो. या घराने तुम्हाला आधीच दिलेल्या जागा या. आपण पैसे घालतो पाहुण्यांच्या सोफ्यावर, आणि आजींच्या स्टुलाला पाठ टेकायला काही नसतं. आधी त्या जागा सुधारा: स्टुलाऐवजी पाठ असलेली बुटकी खुर्ची, उंबऱ्यावर दोन इंच जाडीची गादीची पट्टी, हाताशी कपबशी ठेवायला फळी.

याच आठवड्यात मोबाइलवर घराचे फोटो काढा. दारातून एक, प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांतून एकेक, आणि रोज जिथे बसता तिथून बसूनच एक. लगेच पाहू नका, दुसऱ्या दिवशी पाहा. रोजची गोष्ट डोळा गाळून टाकतो, कॅमेरा गाळत नाही. टीव्हीखालचं वायरींचं जाळं, कपाटावरच्या पिशव्या, एकाच भिंतीवरची तीन कॅलेंडरं तेव्हा पहिल्यांदा दिसतात. आणि विसरलेल्या चांगल्या गोष्टीही त्याच फोटोंत दिसतात: सागवानी चौकट, फरशीचा रंग, सकाळी ओट्यावर पडणारा उन्हाचा तुकडा.

हाताला लागणाऱ्या गोष्टी

दार. कडी जुळत नाही याचं कारण बहुतेक वेळा कडीत नसतं, वरच्या बिजागरीत असतं. तिचे स्क्रू सैल होतात, दार कडीच्या बाजूने खाली लोंबतं. दाराखाली पाचर किंवा जाड पुठ्ठा सरकवून ते मूळ उंचीवर आणा. एकेक स्क्रू काढा, भोकात काडेपेटीच्या, गुल काढलेल्या दोन-तीन काड्या फेव्हिकॉल लावून ठासा, वर आलेला भाग चौकटीच्या पातळीत मोडा आणि रात्रभर वाळू द्या. मग तोच स्क्रू पुन्हा पिळा. लाकूड अगदीच झिजलं असेल तर आधीच्यापेक्षा अर्धा इंच जास्त लांबीचा स्क्रू वापरा.

पावसाळ्यात दार घट्ट बसत असेल तर जुलैत सुताराकडून रंधा मारून घेऊ नका. लाकूड ओलाव्याने फुगलेलं असतं. तेव्हा तासलेलं दार जानेवारीत सुकून फटीसह उभं राहतं. पावसाळ्यात घासणाऱ्या जागी पेन्सिलने खूण करा आणि मेणबत्ती घासा. तासायचं ते डिसेंबरनंतर, खुणेपुरतंच. तासल्यावर दाराची वरची आणि खालची कड रंगवायला सांगा. रंगारी त्या दोन कडा दिसत नाहीत म्हणून सोडून देतात, आणि लाकूड पाणी पितं ते तिथूनच.

नळ. पिळायच्या जुन्या नळाला अर्ध्या इंचाचा वॉशर लागतो. नवा वॉशर घालूनही ठिबकलं तर आतली बैठक झिजली आहे. मग नळच बदला. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वॉशर नसतो, आतला सिरॅमिकचा स्पिंडल बदलतात. तो घ्यायला जाताना जुना सोबत न्या, कारण आटे आणि दाते कंपनीगणिक वेगळे असतात. सेकंदाला एक थेंब, आणि थेंब पाव मिलिलिटरचा धरला, तरी दिवसाला वीस लिटरपेक्षा जास्त पाणी जातं. धार वेडीवाकडी येत असेल तर तोंडाची जाळी उघडून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा; बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचा क्षार सुटतो. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर गेलं आहे. रात्री ऐकू येणारी ती बारीक सूं-सूं बहुधा याचीच असते.

सरकती खिडकी. ॲल्युमिनियमच्या रुळाला बाहेरच्या बाजूने लहान भोकं किंवा चिरा असतात. पावसाचं पाणी तिथून बाहेर जायचं असतं. ती धुळीने बुजली की पाणी रुळात साचतं आणि आत सांडतं, आणि दोष खिडकीवर किंवा भिंतीवर जातो. रूळ आधी कोरड्या ब्रशने साफ करा. सुरुवातीलाच पाणी ओतलं तर चिखल होऊन भोकं आणखी बुजतात. मग तारेने भोकं मोकळी करा, जुन्या टूथब्रशने घासा आणि शेवटी अर्धा तांब्या पाणी ओतून ते बाहेर जातं का ते पाहा. हे काम मेअखेरीस करा. रुळात खोबरेल तेल घालू नका, त्याला धूळ चिकटते. सिलिकॉन स्प्रे घाला. तरीही खिडकी जड जात असेल तर खालची चाकं झिजली आहेत. ती बदलून मिळतात, त्यासाठी अख्खी खिडकी बदलायला लागत नाही.

पंखा पाचवर ठेवूनही सावकाश फिरत असेल तर कपॅसिटर दमला असेल. ४८ इंची साध्या पंख्याला बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरडचा लागतो. इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. फक्त संध्याकाळीच सगळे पंखे मंदावत असतील तर व्होल्टेज कमी आहे, कपॅसिटर बदलून काही होणार नाही. पंखा डुगडुगत असेल तर तो बंद करून प्रत्येक पात्याच्या टोकापासून छतापर्यंतचं अंतर मोजा. एखादं पातं बाकीच्यांपेक्षा वर-खाली असेल तर त्याची दांडी वाकली आहे.

ओट्याची उंची मात्र बहुतेकांच्या यादीत येत नाही, कारण पाठदुखी ओट्यामुळे आहे हे लक्षातच येत नाही. उभं राहून कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून चार ते सहा इंच वजा करा. ती तुमची चिरायची उंची. ओटा कमी पडत असेल तर चिरण्यापुरता लाकडी पाट उंचावून घ्या. शेगडी आणखी उंच करू नका, कारण पातेल्याची उंची तिच्यावर चढतेच.

उजेड

तुमच्या हॉलमध्ये बहुधा एका भिंतीवर उंच लावलेली पांढरी ट्यूब आहे, ६५०० केल्विनची. (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा लहान तितका उजेड पिवळसर.) दुकानाला आणि अभ्यासाला हा उजेड ठीक. रात्री आठनंतर तो खोलीतली प्रत्येक गोष्ट सारखीच उजळतो. भिंतीचा डाग आणि माणसाचा चेहरा एकाच पट्टीत. ट्यूब काढू नका, झाडलोट आणि अभ्यासासाठी ती लागतेच. तिच्या जोडीला खाली, बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला येतील असे दोन दिवे आणा: दिवाणाच्या टोकाशी ९ वॉटचा आणि दुसऱ्या कोपऱ्यात ५ ते ७ वॉटचा, दोन्ही २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर. बल्ब उघडा दिसू नये. कापडी किंवा कागदी शेड हवी. संध्याकाळी ट्यूब बंद आणि हे दोन चालू. १४० चौरस फुटांच्या हॉलमध्ये उजेडाची दोन बेटं आणि मध्ये थोडा अंधार असला की खोली मोठी वाटते, कारण तिच्या कडा एकदम दिसत नाहीत. पिवळा आणि पांढरा एकाच वेळी लावू नका. पिवळा मळकट दिसतो आणि पांढरा निळा.

किचनमध्ये उलटी गडबड असते. दिवा खोलीच्या मधोमध, तुम्ही ओट्याकडे तोंड करून. म्हणजे सावली थेट विळीवर. भांड्यांच्या फळीच्या किंवा कपाटाच्या खाली, पुढच्या कडेला, दोन-तीन फुटांची १० वॉटची एलईडी पट्टी बसवा, ४००० केल्विनची. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेली मिळाली तर घ्या. कोथिंबीर कोथिंबिरीसारखी हिरवी दिसते आणि फोडणीतला कांदा कधी गुलाबी झाला ते कळतं. इतक्या कमी खर्चात घरातला इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

दिवसाच्या उजेडासाठी पडद्याची दांडी तपासा. ती खिडकीच्याच रुंदीची असेल तर उघडलेला पडदा दोन्ही बाजूंची काच झाकून बसतो. दांडी दोन्हीकडे सहा-आठ इंच जास्त आणि चौकटीच्या चार-सहा इंच वर घ्या. मच्छरदाणीची जाळी काढून साबणाच्या पाण्यात धुवा. धुळीने भरलेली जाळी उजेड आणि वारा दोन्ही अडवते.

पश्चिमेचं ऊन आणि पश्चिमेचाच वारा

पश्चिमेचा हॉल हा कोकणपट्टीतला खरा पेच आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतरचा समुद्राकडचा वारा पश्चिम आणि वायव्येकडून येतो, आणि ऊनही त्याच खिडकीतून. पाचच्या सुमाराला सूर्य इतका खाली असतो की छज्जा निरुपयोगी ठरतो आणि ऊन समोरच्या भिंतीला टेकतं. लोक जाड पडदा ओढून खिडकी लावून घेतात. ऊन थांबतं, वाराही थांबतो. शिवाय ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर पडलं की उष्णता घरातच अडकते.

ऊन काचेबाहेर अडवा. ग्रिलच्या आतल्या अंगाला, पण काचेच्या बाहेर, बांबूची चिक, म्हणजे काड्यांचा पडदा, सोडा. दुपारी दोनला ती दोन-तृतीयांश खाली घ्या आणि तिच्यामागे खिडकी उघडी ठेवा. वारा काड्यांमधून आणि खालच्या मोकळ्या भागातून येतो. पूर्वेची किचनची खिडकी त्याच वेळी उघडी हवी आणि मधलं दार पाचरीने अडकवलेलं, नाहीतर आलेल्या हवेला बाहेर जायला वाट राहत नाही. दोन रुळांची खिडकी जास्तीत जास्त अर्धीच उघडते. उघडा अर्धा भाग तुम्ही बसता त्या बाजूला ठेवा. एवढ्याने काही जणांचं काम होतं.

पश्चिमेची विटांची भिंत दुपारभर तापते आणि उष्णता रात्री आत सोडते. एप्रिल-मेमध्ये त्या भिंतीला उशाशी घेऊन झोपू नका, दिवाण दोन महिने दुसऱ्या भिंतीला लावा. वाळ्याच्या ताट्या किंवा वाळ्याचे पडदे विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात सुरेख काम करतात, कारण तिथे पाणी झटकन उडतं. डोंबिवलीच्या दमट हवेत ते फक्त दमटपणा वाढवतात. कूलरचंही तेच.

हिवाळ्यात मात्र हाच हॉल सुखाचा. चिक पूर्ण वर घ्या. कलतं ऊन आत येतं तेव्हा गाद्या-उशा तिथेच वाळवा.

ओल

ओल आलेली भिंत हे घर नावडण्याचं खरंखुरं कारण असतं, तिथे मनाची समजूत घालून भागत नाही. आधी ती कधी वाढते ते पाहा. फक्त पावसात वाढत असेल तर पाणी बाहेरच्या भिंतीतून, खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटीतून किंवा छज्जातून येतंय. बारा महिने असेल तर पाइप किंवा कोणाचं तरी बाथरूम. शंका असेल तर एक फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि दोन दिवसांनी पाहा. थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ती खोलीतल्या हवेची वाफ आहे. तिथे खिडकी उघडी ठेवणं आणि एक्झॉस्ट पंखा हाच उपाय.

बाथरूमवर संशय असेल तर नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं भोक) फडक्याने घट्ट बंद करा, दोन इंच पाणी भरा, त्यात थोडा रंग टाका आणि २४ तास ठेवा. खालच्या घरात काय दिसतं ते विचारा. तुमच्या छताला ओल असेल तर हीच चाचणी वरच्यांना करायची विनंती करा, भांडण्याआधी. आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंती आणि बाहेरचे सामाईक पाइप यांची गळती दुरुस्त करायचा खर्च सोसायटीचा असतो. घराच्या आतल्या दुरुस्त्या सभासदाच्या. सोसायटीला लेखी अर्ज आणि तारखेसह फोटो द्या, आणि तो दिवाळीच्या सुमाराला द्या. मेमध्ये दिला तर काम पावसाआधी होत नाही.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते ओल्या भिंतीवर पुट्टी मारण्यात. पाण्यासोबत येणारे क्षार पृष्ठभागावर पांढरे फुलतात, लोणा म्हणतात तो, आणि पुट्टीला ढकलून पोपडे काढतात. पुढच्या पावसाळ्यात भिंत होती तशी. पीव्हीसीचे पॅनेल लावले तर मागे बुरशी वाढते आणि ती फक्त वासाने कळते. पाण्याची वाट आधी बंद करायची, पोपडे खरवडून गिलावा उघडा करायचा, तो आठवडेच्या आठवडे सुकू द्यायचा, प्लॅस्टिकची चाचणी पुन्हा करायची, आणि मगच प्रायमर आणि रंग. तेवढे दिवस भिंत कुरूप दिसेल. दिसू द्या. बाहेरच्या भिंतीला लागलेलं कपाट दोन-तीन इंच पुढे ओढून ठेवा, म्हणजे मागून हवा खेळते आणि साड्यांना तो वास लागत नाही.

फरशी

मोझॅक काढू नका आणि झाकूही नका. हे ठाम मत आहे आणि त्याला कारणं आहेत. जुन्या फरशीवर सिमेंटच्या थरात विट्रिफाइड टाइल्स बसवल्या तर जमीन दीड इंचाच्या आसपास वर येते. सगळी दारं खालून कापावी लागतात, बाथरूमचा उंबरा बुटका होतो, आणि ३५ चौरस मीटरच्या घरावर अडीच टनांच्या आसपास वजन चढतं. ३२ वर्षांच्या स्लॅबवर हे कशासाठी? मोझॅकच्या वरच्या थरात संगमरवराचे तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले असतात. वर्षानुवर्षांचा मळ आणि चरे त्या थराच्या वरच्या पापुद्र्यात असतात, आणि मशीनने घासून तो पापुद्रा काढला की खालून मूळ रंग येतो.

पॉलिशवाल्याला सांगायचं ते असं: आधी फुटलेल्या कडा आणि सांधे रंग मिसळलेल्या सिमेंटने भरून पाच-सहा दिवस पाणी मारायचं. मग जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत किमान चार हात, प्रत्येक हातानंतर फरशी धुऊन चरे तपासायचे, शेवटी ऑक्झॅलिक पावडरचा हात आणि मेण. तो दोन हातांत उरकतो म्हणत असेल तर वरून फक्त चकाकी येईल, चरे राहतील. घासताना चिखलासारखं पाणी निघतं. ते बाथरूमच्या ट्रॅपमध्ये सोडू देऊ नका, आत सिमेंटसारखं बसतं. बादलीत भरून न्यायला लावा. नंतर फरशीवर ॲसिड, टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर कधीही नको, संगमरवर त्यात विरघळतो. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे.

रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. छत पांढरं ठेवा. भिंतीचा रंग कार्डावरून ठरवू नका. दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवा आणि सकाळी, दुपारी चारला आणि दिव्यात पाहा. पश्चिमेच्या हॉलमध्ये संध्याकाळचं ऊन पिवळ्या-केशरी छटा भडक करतं. एका भिंतीला, साधारण ९५ चौरस फुटांना, दोन हातांसाठी एक लिटर रंग पुरतो.

मांडणी

चालायची वाट ३० इंच, दिवाण आणि टीपॉयमध्ये १५ ते १८ इंच, पलंगाच्या एका बाजूला तरी २४ इंच, कपाटापुढे दार पूर्ण उघडून माणूस उभा राहील एवढं. ही मापं टेपने मोजा. जिथे कमी पडतं तिथे रोज कोणाचा तरी गुडघा किंवा करंगळी आपटत असणार, आणि ते पहिल्या यादीत आलेलंच असेल. बहुतेक घरांत टीपॉय काढला की निम्मा प्रश्न सुटतो. त्याऐवजी भिंतीला दुमडणारी फळी किंवा दोन लहान चौरंग ठेवा.

सामान कमी करायचं तर फेकायला सुरुवात करू नका, त्यात घरातल्यांची भांडणं होतात. हॉलमधल्या दिसणाऱ्या वस्तूंपैकी एक-तृतीयांश खोक्यात भरा, खोक्यावर तारीख आणि यादी लिहा आणि माळ्यावर ठेवा. तीन आठवड्यांत जी वस्तू कोणी मागितली ती खाली आणा. बाकीच्यांपैकी अर्ध्या दिवाळीच्या साफसफाईत बाहेर काढा आणि बाहेरच्या तेवढ्याच वस्तू खोक्यात ठेवा. शोकेसमधल्या वीस वस्तू बारा महिने दिसत राहिल्या की कोणालाच दिसत नाहीत. सात ठेवून पाळीपाळीने बदलल्या की आजोबांचा पितळी अडकित्ता पुन्हा हातात घेतला जातो. माळ्यावर जड सामान मात्र ढीग लावून ठेवू नका, फळी मधोमध वाकलेली दिसली तर आधी भार उतरवा.

गॅलरीत पश्चिमेचं ऊन असल्यामुळे तुळस, मोगरा आणि गवती चहा चांगले वाढतील. १२ इंची कुंडी ओल्या मातीसह १५-२० किलोंची होते, म्हणून ग्रिलवर लटकवू नका. कोकोपीट मिसळून माती हलकी करा आणि कुंड्या भिंतीलगत खाली ठेवा. गॅलरी पूर्ण बंद करून खोलीत घेऊ नका. तुमच्याकडे आकाश दिसणारी तेवढी एकच जागा आहे.

मांडणी बदलण्याची उत्तम वेळ कॅलेंडरमध्ये आधीच ठरलेली आहे: गणपती. तुमच्याकडे गणपती बसत असेल तर दरवर्षी तुम्ही टीपॉय बाहेर काढता, दिवाण सरकवता, एक कोपरा पूर्ण मोकळा करता, तिथे दिवे लावता, आणि त्याच हॉलमध्ये पंचवीस माणसं आरतीला मावतात. विसर्जनानंतर तो कोपरा रिकामा वाटतो म्हणून लोक त्याच रात्री सगळं सामान जागच्या जागी आणून लावतात. यंदा पंधरा दिवस थांबा. दिव्यांची माळ काढा, पण कोपऱ्याकडे वळवलेला तो पिवळा दिवा राहू द्या. परत आणायची प्रत्येक वस्तू एकेका दिवशी आणा, आणि ती आल्यावर चालायची वाट ३० इंचांखाली जात असेल तर तिला दुसरी जागा शोधा. त्या कोपऱ्यात काय ठेवायचं ते ठरेपर्यंत तिथे एक चटई आणि एक लोड पुरे.